नवा कन्सोल घ्यायचा की जुन्यावरच खेळत राहायचं?

कन्सोलची नवी पिढी साधारण सात वर्षांनी येते. सोनीचा प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये आला, प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये आणि प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स वन आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व सिरीज एस हेही यातल्या शेवटच्या दोन नोव्हेंबरांत बाजारात आले. निन्टेंडो आपल्या चालीने चालते: स्विच मार्च २०१७ मध्ये, स्विच २ जून २०२५ मध्ये. तुमच्याकडे आयुष्यातला पहिलाच कन्सोल असेल आणि त्याचा पुढचा अवतार दुकानात दिसू लागला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. नवा कन्सोल घ्यायचा तो आज विकत मिळणाऱ्या आणि तुमच्या जुन्या कन्सोलवर न चालणाऱ्या गेमसाठी. पुढे येणाऱ्या गेमसाठी नाही, आणि खोक्यावर छापलेल्या आकड्यांसाठी तर नाहीच. खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पुष्कळांना पहिल्या दोन पायऱ्यांतच उत्तर मिळेल.

पायरी १: ही खरंच नवी पिढी आहे का?

दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणारी प्रत्येक वस्तू नवी पिढी नसते. नव्या पिढीची खूण एकच: तिच्यासाठी असे गेम निघतात जे आधीच्या कन्सोलवर चालतच नाहीत. प्लेस्टेशन ४ प्रो (२०१६), एक्सबॉक्स वन एक्स (२०१७) आणि प्लेस्टेशन ५ प्रो (२०२४) ही मधल्या काळात आलेली जास्त ताकदीची मॉडेल्स. त्यांच्यावर चित्र अधिक रेखीव दिसतं, हालचाल अधिक सफाईदार होते, पण गेम तेच. स्विचचं २०२१ मधलं ओएलईडी मॉडेल तर आतून जवळजवळ जुनंच होतं. स्क्रीन सुंदर झाली, खेळायला नवं काही आलं नाही. स्लिम म्हणून जे येतात ते आकाराने लहान, बाकी तेच.

तुमच्याकडे प्लेस्टेशन ५ असेल आणि मोह प्रोचा होत असेल, तर नवखा खेळाडू म्हणून तो पैसा गेमवर घाला. तुमच्याकडे चालणार नाही असा एकही गेम प्रो तुम्हाला देत नाही.

पायरी २: कागद घ्या आणि यादी लिहा

अख्ख्या निर्णयाचा कणा ही यादी आहे, म्हणून इथे वेळ द्या. यादीत गेम लिहिण्यासाठी तीन अटी: तो आज विकत मिळत असला पाहिजे, तुमच्या कन्सोलवर त्याची आवृत्ती नसली पाहिजे, आणि कन्सोल आणल्यावर सहा महिन्यांत तुम्ही तो नक्की खेळणार असला पाहिजेत.

दुसऱ्या अटीत भलेभले चकतात. नवा कन्सोल आला म्हणजे जुन्यासाठी गेम यायचे थांबले असं नसतं. पहिली दोन-अडीच वर्षं मोठे गेम दोन्हीकडे येतात, कारण जुना कन्सोल घरात असलेले ग्राहक कितीतरी पट जास्त असतात. होरायझन फॉरबिडन वेस्ट, ग्रॅन टुरिस्मो ७ आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक हे तिन्ही गेम २०२२ मध्ये, म्हणजे प्लेस्टेशन ५ येऊन सव्वा ते दोन वर्षं झाल्यावर निघाले आणि तिन्ही प्लेस्टेशन ४ वरही आले. स्विचच्या पहिल्या दिवसाचा सर्वांत गाजलेला गेम, झेल्डा मालिकेतला ब्रेथ ऑफ द वाइल्ड, निन्टेंडोच्याच आधीच्या वी यू या कन्सोलवरही त्याच दिवशी मिळत होता. सगळ्यात टोकाचं उदाहरण प्लेस्टेशन २ चं. तो कन्सोल २००० सालचा, आणि त्याच्यासाठी फिफा १४ निघाला २०१३ मध्ये.

उलट रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट (२०२१) आणि स्पायडर-मॅन २ (२०२३) प्लेस्टेशन ४ वर कधीच आले नाहीत. असे गेम यादीत बसतात.

आता थोडी अवघड बाजू. जुन्या कन्सोलवर आवृत्ती आहे, पण ती खेळण्यालायक आहे का? सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये जुन्या पिढीवरही निघाला आणि त्या आवृत्तीची अवस्था इतकी वाईट होती की आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. पुढच्या जूनमध्ये तो परत आला, पण २०२३ चा फँटम लिबर्टी हा विस्तार प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनला मिळालाच नाही. तेव्हा ‘दोन्हीकडे उपलब्ध’ एवढं वाचून थांबू नका. तुमच्याच कन्सोलवर कुणीतरी तो गेम खेळतानाचा व्हिडिओ दहा मिनिटं बघा. हालचाल अडखळत असेल, चेहरे पुसट दिसत असतील, तर तो गेम यादीत घ्यायला हरकत नाही.

तिसऱ्या प्रकारचा गेम म्हणजे मित्रांसोबतचा. तुमचा गट ऑनलाइन फुटबॉल खेळत असेल तर नीट चौकशी करा. फिफा २३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या कन्सोलवरचे खेळाडू एकत्र आले, पण पिढीच्या आतच: प्लेस्टेशन ५ वाला एक्सबॉक्स सिरीज एक्सवाल्याशी खेळू शकत होता, प्लेस्टेशन ४ वाल्याशी नाही. गटातले चौघे नव्यावर गेले आणि तुम्ही एकटे मागे राहिलात, तर यादीत दुसरा एकही गेम नसला तरी कन्सोल बदलणं मला रास्त वाटतं. माणसांसोबत खेळणं हे खेळण्याचं फार मोठं कारण आहे. फोर्टनाइटसारख्या गेममध्ये ही भिंत नाही, तिथे जुने-नवे सगळे एकत्र खेळतात.

न आलेल्या गेमबद्दल माझं मत कडक आहे. ग्रँड थेफ्ट ऑटो ६ साठी आधी २०२५ साल सांगितलं गेलं, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. पहिल्या घोषणेवर विसंबून ज्याने कन्सोल घेतला, त्याच्या वॉरंटीचा बराचसा काळ नुसती वाट बघण्यात गेला. ज्या गेमसाठी कन्सोल घ्यायचा तो गेम आल्यावर कन्सोल घ्या. त्या दिवशीही कन्सोल मिळतोच, आणि तोवर गेमची परीक्षणंही आलेली असतात.

यादीत तीन गेम झाले की पुढे जा. एक किंवा दोनच असतील तर थांबा आणि तीन-चार महिन्यांनी यादी पुन्हा बघा. एका गेमसाठी कन्सोल घेणारा तो गेम संपल्यावर पुन्हा जुनेच गेम नव्या खोक्यात खेळत बसतो.

पायरी ३: फरक तुमच्या घरात दिसेल का?

जाहिरातीत ४के, १२० हर्ट्झ, रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचं तंत्र) असे शब्द येतात. त्यातलं तुमच्यापर्यंत किती पोचेल हे टीव्हीवर अवलंबून आहे. ४के चित्र दिसायला ४के टीव्ही लागतो. ४के चित्र सेकंदाला १२० फ्रेम, म्हणजे १२० चित्रं, या वेगाने दिसायला टीव्हीचं पॅनेल १२० हर्ट्झचं लागतं आणि एचडीएमआय २.१ चं पोर्टही. बऱ्याच टीव्हींवर चारपैकी एक-दोनच पोर्ट तसे असतात, आणि केबल भलत्याच पोर्टमध्ये लावून लोक वर्षानुवर्षं खेळत राहतात.

पण ज्याच्याकडे साधा फुल एचडी टीव्ही आहे त्यानेही निराश होऊ नये. २०२० च्या पिढीतला सगळ्यात मोठा बदल चित्राचा नव्हता, साठवणीचा होता. प्लेस्टेशन ४ मध्ये मिनिटाला ५,४०० वेळा फिरणारी हार्ड डिस्क होती. प्लेस्टेशन ५ मध्ये एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान साठवण आली, आणि ती सेकंदाला ५.५ जीबी माहिती वाचते. परिणाम असा की जिथे पूर्वी मरण पावल्यावर पुन्हा सुरुवात व्हायला मिनिटभर थांबावं लागे, तिथे आता काही सेकंद लागतात. कठीण गेममध्ये, जिथे एकाच राक्षसाकडून पुन्हा पुन्हा मार खावा लागतो, हा फरक खेळण्याची मजाच बदलून टाकतो. दुसरा फरक फ्रेमचा. जुन्या पिढीवर बहुतेक मोठे गेम सेकंदाला ३० फ्रेमवर चालत. नव्यावर पुष्कळ गेम निवड देतात: चित्र जास्त रेखीव हवं की ६० फ्रेमची सफाईदार हालचाल. हे दोन्ही फरक कुठल्याही टीव्हीवर जाणवतात. नवख्यांनी ६० फ्रेमचा पर्यायच निवडावा, हाताला बटणांची लय लवकर बसते.

कन्सोलसोबत टीव्हीही बदलू नका. आधी कन्सोल महिनाभर जुन्या टीव्हीवर वापरा, मग टीव्हीची गरज आहे का ते कळेल.

स्विच २ ची गोष्ट वेगळी, कारण स्क्रीन त्याच्यातच आहे. जुन्या स्विचची हातातली स्क्रीन ७२० पी होती, नव्याची ७.९ इंची आणि १०८० पी आहे. हातात धरून खेळणाऱ्याला तो फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

पायरी ४: जुन्यातलं काय काय सोबत येईल?

इथे तपशील महत्त्वाचे आहेत, कारण ‘जुने गेम चालतात’ या एका वाक्यामागे बऱ्याच अटी असतात.

प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सगळे गेम चालतात. त्याआधीच्या, म्हणजे प्लेस्टेशन ३ च्या डिस्क मात्र चालत नाहीत. त्या कन्सोलचा सेल नावाचा प्रोसेसर इतका वेगळ्या घडणीचा होता की त्याच्यासाठी लिहिलेला गेम नव्या यंत्रावर जसाच्या तसा चालवणं फार कठीण आहे. एक्सबॉक्स सिरीज एक्स या बाबतीत सर्वांत उदार: एक्सबॉक्स वनचे गेम तर चालतातच, एक्सबॉक्स ३६० आणि २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचेही बरेच चालतात. स्विच २ वर जुन्या स्विचचे बहुतेक गेम चालतात आणि जुनी कार्डं त्याच खाचेत बसतात.

आता डिस्क. तुमच्याकडे डिस्कचा साठा असेल तर बिनडिस्कचं मॉडेल घेऊ नका. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्कची खाचच नाही आणि बाहेरून जोडताही येत नाही. तिथे तुमच्या डिस्क म्हणजे निव्वळ शोभेच्या वस्तू. २०२० च्या प्लेस्टेशन ५ डिजिटलचंही तसंच. २०२३ पासूनच्या लहान आकाराच्या प्लेस्टेशन ५ ला आणि प्रोला डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घेऊन जोडता येतो. तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. सेकंडहँड घेत असाल तर नेमकं कुठलं मॉडेल समोर आहे हे विचारून घ्या.

कंट्रोलरची गंमत अशी की एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर नव्या एक्सबॉक्सवर बिनबोभाट चालतात, पण प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर प्लेस्टेशन ५ वर फक्त प्लेस्टेशन ४ चे गेम खेळायला चालतो. दोघांनी मिळून नवे गेम खेळायचे असतील तर दुसरा कंट्रोलर घ्यावाच लागेल. स्विचचे जुने जॉय-कॉन (कडेला बसणारे छोटे कंट्रोलर) स्विच २ ला बिनतारी जोडता येतात, कडेला बसवता मात्र येत नाहीत.

मेमरी कार्डाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेस प्रकारचंच कार्ड लागतं. जुन्या स्विचमधलं साधं मायक्रोएसडी लावून त्यावरून गेम खेळता येत नाही. प्लेस्टेशन ५ आणि नव्या एक्सबॉक्सवर बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क जुन्या पिढीचे गेम चालवायला उपयोगी पडते. नव्या पिढीचे गेम तिच्यावर फक्त ठेवता येतात, खेळताना ते आतल्या एसएसडीवर आणावे लागतात.

पायरी ५: पूर्ण खर्च मांडा

कन्सोलची किंमत हा खर्चाचा पहिला आकडा. त्याच्याखाली हे लिहा: दुसरा कंट्रोलर, यादीतले तीन गेम, ऑनलाइन खेळायचं वार्षिक शुल्क, वाढीव साठवण, आणि लागत असेल तर डिस्क ड्राइव्ह. फोर्टनाइटसारखे फुकट गेम प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर ऑनलाइन शुल्क न भरताही खेळता येतात, हे नवख्यांना पुष्कळदा ठाऊक नसतं. तुम्ही तेवढंच खेळत असाल तर तो आकडा खोडून टाका.

साठवणीचा हिशोब कडकपणे करा. पहिल्या प्लेस्टेशन ५ वर ८२५ जीबी लिहिलेलं असलं तरी गेमसाठी ६६७ जीबीच्या आसपास जागा उरते. सिरीज एसच्या ५१२ जीबीपैकी सुमारे ३६४. मोठे गेम शंभर जीबीच्या घरात जातात. म्हणजे सिरीज एसवर तीन-चार मोठे गेम झाले की जागा संपली. स्विच २ मध्ये २५६ जीबी आहे, आणि त्याच्या काही गेमच्या कार्डावर गेम नसतोच, फक्त चावी असते. गेम डाउनलोड करावा लागतो आणि खेळताना कार्डही आत लागतं. इंटरनेट हळू असेल तर खोक्यावरची ती सूचना आधी वाचा.

थांबलं की स्वस्त होईल, हा जुना ठोकताळा आता बेभरवशाचा झाला आहे. प्लेस्टेशन ३ च्या काळापर्यंत किंमत वर्षागणिक उतरत जायची. या पिढीत उलटं घडलं. सोनीने प्लेस्टेशन ५ ची किंमत ऑगस्ट २०२२ मध्ये बऱ्याच देशांत वाढवली, २०२५ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही पुन्हा वाढवली. म्हणून यादी पूर्ण झाली असेल, पैसे हाताशी असतील, तर निव्वळ किंमत उतरेल या आशेवर वर्षभर थांबू नका. सणासुदीच्या सवलतीसाठी महिना-दोन महिने थांबणं वेगळं.

थांबण्याचा खरा फायदा यंत्राच्या दर्जात असतो. एक्सबॉक्स ३६० च्या सुरुवातीच्या कन्सोलवर लाल दिव्यांचं कडं पेटून ते बंद पडत. प्रकार इतका वाढला की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. नव्या यंत्राचे असे दोष पहिल्या वर्षातच बाहेर येतात. नवख्याने पहिल्या सहा महिन्यांत रांग लावू नये, असं मला ठामपणे वाटतं.

पायरी ६: जुन्याचं आयुष्य किती उरलंय?

जुना कन्सोल एका रात्रीत मरत नाही, पण त्याची दुकानं बंद होतात. वी यू आणि निन्टेंडोच्याच हातात धरायच्या थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानात मार्च २०२३ मध्ये खरेदी थांबली, एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळणंही संपलं. एक्सबॉक्स ३६० चं दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं. सबस्क्रिप्शनमधला वाटा त्याआधीच आटायला लागतो: जानेवारी २०२६ पासून प्लेस्टेशन प्लसच्या मासिक गेममध्ये प्लेस्टेशन ४ चे गेम मिळण्याची खात्री राहिलेली नाही.

हे वाचून घाबरून नवा कन्सोल घ्यायची गरज नाही. डिस्कवरचे आणि आधीच डाउनलोड केलेले गेम चालत राहतात. यादी तीनपर्यंत पोचली नसेल तर जुन्यावरच थोडा खर्च करा. प्लेस्टेशन ४ ची हार्ड डिस्क काढून साधी साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बसवता येते, सोनीने ती सोय ठेवलेलीच आहे. प्लेस्टेशन ५ इतका वेग येत नाही, पण वाट बघायचा वेळ चांगलाच कमी होतो. पंखा विमान उडाल्यासारखा आवाज करत असेल तर आतली धूळ साफ करून घ्या.

पायरी ७: घ्यायचं ठरलं, तर

खरेदीआधी जागा मोजा. पहिला प्लेस्टेशन ५ उभा केला तर ३९ सेंटीमीटर उंच होतो, आणि मागे हवा खेळायला मोकळी जागा लागते. टीव्हीखालच्या बंद कप्प्यात तो कोंबू नका.

नवा कन्सोल आल्यावर जुना लगेच विकू नका. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवून आधी सेव्ह फाइल, म्हणजे गेममधली तुमची साठवलेली प्रगती, हलवा. प्लेस्टेशन ४ वरून त्या घरच्या नेटवर्कवरून, यूएसबीवरून किंवा प्लसच्या क्लाउडवरून आणता येतात. एक्सबॉक्सवर क्लाउडची सोय फुकट आहे, खात्यात शिरलं की फाइल आपोआप येतात. स्विचवर सेव्ह यूएसबीवर काढता येत नाहीत, म्हणून दोन्ही कन्सोल शेजारी ठेवून हस्तांतर करा आणि स्क्रीनवरची प्रत्येक सूचना वाचूनच पुढचं बटण दाबा. काही गेममध्ये जुन्या आवृत्तीतली प्रगती नव्या आवृत्तीत न्यायला जुन्या गेमच्या मेन्यूतूनच ती आधी अपलोड करावी लागते, त्यामुळे ज्या गेममध्ये तुमचे शंभर तास गेले आहेत तो नव्या कन्सोलवर उघडून आपली जागा दिसते का ते स्वतः बघा.

डिस्कवर घेतलेल्या प्लेस्टेशन ४ च्या गेमची नवी आवृत्ती मिळाली तरी ती डिस्क विकू नका. प्रत्येक वेळी खेळताना तीच आत घालावी लागते. हे सगळं झाल्यावर जुन्या कन्सोलवरून आपलं खातं काढा, सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट करा, आणि मगच तो दुसऱ्याच्या हातात द्या.